घोड्याला ताप आला असता तर?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

आमच्या शहराबाहेर एक छोटा रायडिंग क्लब आहे. दर जानेवारीत आम्ही दोन दिवसांची स्पर्धा भरवतो. शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा), लहान मुलांच्या साध्या शर्यती आणि शेवटी टेंट पेगिंगचं, म्हणजे भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलण्याचं, प्रात्यक्षिक. बाहेरगावचे धरून साठेक घोडे येतात, दीड-दोन हजार माणूस जमतं, शाळांच्या बसेस येतात. यंदाची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली आहे आणि शहरात फ्लूची साथ जोरात आहे. सिव्हिलचा वॉर्ड भरलाय, दोन शाळांनी आठवडाभर सुट्टी दिली. कार्यक्रमांवर बंदीचा आदेश मात्र निघालेला नाही.

समितीत आम्ही पाच जण. दोघं म्हणतात पुढे ढकला, दोघं म्हणतात घ्यायचीच. आमचे अध्यक्ष निवृत्त कर्नल आहेत. त्यांचं म्हणणं, ‘माणसाचा फ्लू घोड्याला होत नाही, मैदान मोकळं आहे, करोनातसुद्धा जगात घोड्यांच्या शर्यती चालू होत्या. आपणच का घाबरायचं?’ पाचवं मत माझं आहे.

माझी मुलगी नववीत आहे. वर्षभर पहाटे उठून तिने या स्पर्धेची तयारी केली आहे. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे घोडा बंद. घरात सासरे आहेत, वय 78, दम्यासारखा जुना श्वासाचा त्रास. ‘नको’ म्हटलं तर मुलगी महिनाभर बोलणार नाही. ‘हो’ म्हटलं आणि घरी काही झालं तर मी स्वतःला काय सांगू? बैठक येत्या गुरुवारी आहे.

— पाचवं मत

उत्तर

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. स्पर्धा पुढे ढकलण्याच्या बाजूने मत द्या. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत थांबा, तेव्हाही ऊन सोसण्यासारखं असतं. समिती तरीही अडून बसली, तर प्रेक्षकांविना, एका दिवसाची, बाहेरगावच्या घोड्यांशिवायची स्पर्धा हा दुसरा पर्याय मांडा. शाळांच्या बसेस, खाण्याचे स्टॉल आणि हॉलमधला बक्षीस समारंभ यांच्यासकट ठरल्याप्रमाणे स्पर्धा, याला मात्र ‘हो’ म्हणू नका.

मी घोड्यांची डॉक्टर, माणसांची नव्हे. त्यामुळे तुमच्या शहरात साथ किती चढली, कधी उतरेल हे मी इथे बसून सांगणार नाही; त्यासाठी तुमच्याकडे जिल्हा आरोग्य अधिकारी आहेत. पण पुण्या-मुंबईच्या पागांमध्ये माझी नोकरीची वर्षं गेली, आणि घोड्यांच्या जगात साथ आली की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

कर्नलसाहेबांची पहिली गोष्ट बरोबर आहे. घोड्याचा फ्लू आणि माणसाचा फ्लू ही विषाणूंची वेगवेगळी कुळं. घोड्यांत फिरतो तो प्रामुख्याने एच3एन8, आपल्याकडे दर हिवाळ्या-पावसाळ्यात फिरतात ते एच1एन1 आणि एच3एन2. तुमच्या मुलीचा घोडा या साथीत ना आजारी पडणार, ना कुणाला आजार देणार. घोड्याकडून माणसाला होणारे आजार आहेत. ग्लँडर्स आहे, ऑस्ट्रेलियात 1994 मध्ये ब्रिस्बेनच्या एका उपनगरात पहिल्यांदा सापडलेला हेंड्रा विषाणू आहे. पण ते तुमच्या प्रश्नात नाहीत. तेव्हा घोडा निर्दोष सुटला.

मोकळ्या मैदानाचंही अर्धं खरं. उघड्यावर फ्लू कमी पसरतो. पण स्पर्धेच्या दिवशी माणसं मैदानात कुठे असतात? मैदानात एका वेळी एक घोडा आणि एक स्वार. बाकीचे दोन हजार मांडवात, वडापावच्या रांगेत, नावनोंदणीच्या टेबलाभोवती, थंडी म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या शाळेच्या बसमध्ये. कोर्स वॉकला तीस पोरं आणि त्यांचे कोच खांद्याला खांदा लावून अडथळ्यांची पावलं मोजत फिरतात. संध्याकाळी हॉलमध्ये दारं लावून भाषणं. आणि फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच आजार वाटू लागतो, त्यामुळे फाटकावर ताप मोजणारा माणूस उभा केला तरी उद्या आजारी पडणारा आज आत येणारच.

आता माझा मुद्दा.

समजा, स्पर्धेच्या तीन आठवडे आधी तुमच्या पागेतल्या दोन घोड्यांना ताप आला असता. नाकातून पाणी, कोरडा खोकला, चंदीला, म्हणजे दाण्याला, तोंड लावत नाहीत. कर्नलसाहेबांनी काय केलं असतं? मी सांगते, कारण असे अनेक कर्नल मी पाहिले आहेत आणि या बाबतीत त्यांच्याइतकी कडक शिस्त कुणाची नसते. त्याच सकाळी फाटक बंद. बाहेरचा घोडा आत नाही, आतला बाहेर नाही. आजारी घोड्यांचा सईस, म्हणजे त्यांची देखभाल करणारा माणूस, वेगळा, त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा. प्रत्येक घोड्याचा ताप सकाळ-संध्याकाळ घेऊन ठाणाबाहेरच्या पाटीवर लिहायचा; थर्मामीटरला दोरा, दोऱ्याला चिमटा, चिमटा शेपटीच्या केसांना, म्हणजे घोडा हलला तरी थर्मामीटर पडत नाही. आणि स्पर्धा? तिचं नावही कुणी काढलं नसतं. ‘अजून कलेक्टरचा आदेश आलेला नाही’ असं कुणी म्हणालं असतं, तर कर्नलसाहेबांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

घोड्यांच्या जगाचा हा दुटप्पीपणा तुमच्या क्लबपुरता नाही. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या मैदानावर दर मार्चमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींचा मोठा महोत्सव होतो. 2001 साली ब्रिटनमध्ये गुरा-मेंढरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली. हा रोग घोड्याला होत नाही. पण माणसांच्या बुटांवरून, गाड्यांच्या चाकांवरून तो पसरतो, म्हणून महोत्सव आधी पुढे ढकलला आणि मग त्या वर्षापुरता रद्दच केला. इंग्लंडमधल्याच बॅडमिंटन गावची प्रसिद्ध इव्हेंटिंग स्पर्धाही (ड्रेसाज, मोकळ्या रानातली दौड आणि जंपिंग असे तिन्ही प्रकार एकत्र) त्या वर्षी झाली नाही. मेंढ्यांसाठी घोडेवाल्यांनी आपला सगळ्यात मोठा सण सोडला आणि ते योग्यच होतं.

तोच महोत्सव 2020 मध्ये 10 ते 13 मार्च असे चार दिवस झाला. दुसऱ्याच दिवशी, 11 मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने करोनाला महामारी म्हटलं. चार दिवसांत मिळून अडीच लाखांहून अधिक माणसं आली. जागोजागी हात धुवायचं जेल ठेवलं होतं. सरकारने गर्दीवर बंदी घातलेली नव्हती, उलट कार्यक्रम चालू ठेवायला हरकत नाही असाच सूर होता, आणि आयोजकांनी नंतर तेच उत्तर दिलं. महोत्सव संपल्यावर पाच दिवसांत, 18 मार्चला, ब्रिटनमधल्या शर्यती थांबल्या आणि 23 मार्चला सारा देश घरात बसला. त्या चार दिवसांत किती जणांना लागण झाली याचा नेमका हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. लोक पांगले, आपापल्या गावी गेले. म्हणून ‘चेल्टनहॅममुळे अमुक मेले’ असं मी लिहिणार नाही. पण मेंढरांना एक नियम आणि माणसांना दुसरा, हे त्या मैदानावर एकोणीस वर्षांच्या अंतराने उघड्या डोळ्यांनी दिसलं.

आणखी एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. फेब्रुवारी 2021. करोना चालूच होता, नियम पाळून युरोपात घोड्यांच्या स्पर्धाही चालू होत्या. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या एका स्पर्धेत घोड्यांना हर्पीसचा, ईएचव्ही-1 विषाणूचा, मज्जासंस्थेवर जाणारा आजार झाला. घोड्यांचे मागचे पाय लुळे पडायला लागले, काही उठेनात. त्या साथीत अठरा घोडे गेले. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने युरोपच्या मुख्य भूमीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 11 एप्रिलपर्यंत बंद करून टाकल्या. घोडेवाल्यांना ‘बंद’ म्हणता येत नाही असं कोण म्हणतं? मनात आलं की येतं. (आपल्याकडेही 2008 मध्ये जम्मूतल्या कटऱ्याहून घोड्यांचा फ्लू अनेक राज्यांत पसरला, तेव्हा घोड्यांची ने-आण रोखायची म्हणजे काय हे आमच्या पिढीने पाहिलं आहे.)

तेव्हा गुरुवारी वाद घालू नका, एकच प्रश्न विचारा. ‘कर्नलसाहेब, एवढे घोडे तापाने फणफणले असते तर आपण काय केलं असतं?’ आणि गप्प बसा. मला वाटतं, ते प्रामाणिक गृहस्थ असतील तर उत्तर त्यांच्याच तोंडून येईल.

आता तुमच्या पत्रात नसलेल्या माणसांबद्दल. तुम्ही मुलीचं लिहिलंत, सासऱ्यांचं लिहिलंत, समितीचं लिहिलंत. सईस कुठे आहेत?

साठ घोडे येणार म्हणजे त्यांच्याबरोबर निदान तीस-चाळीस सईस येणार. ते कुठे झोपतात हे एकदा रात्री जाऊन बघा. घोड्याच्या ट्रकमध्ये, चाऱ्याच्या गोण्यांवर, नाहीतर पागेच्या टोकाच्या पत्र्याच्या खोलीत, जिथे तुमचे कायमचे सहा जण आधीच राहतात. थंडी म्हणून दार बंद, एक खिडकी, तीही पोत्याने बुजवलेली. एक नळ, एक चूल, एकाच पातेल्यातला चहा. दोन हजार प्रेक्षकांपेक्षा मला या खोलीची जास्त काळजी वाटते. प्रेक्षक दोन तास येऊन जातो, सईस दोन रात्री काढतो आणि तिथून परत चार जिल्ह्यांत जातो. त्याला ताप आला तर तो सांगणार नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात हे त्याला माहीत असतं. क्रोसिन घेईल आणि पहाटे पाचला खरारा करायला उभा राहील. समितीत त्याचं मत नाही आणि नावनोंदणीच्या अर्जावर बहुधा त्याचं नावही नसेल, तिथे घोड्याचं नाव असतं, वंशावळीसकट.

ही बाजू बैठकीत माणुसकी म्हणून मांडलीत तर सगळे मान डोलावतील आणि पुढच्या विषयाकडे जातील. व्यवहार म्हणून मांडा. तुमच्या सहांपैकी चार सईस एकाच आठवड्यात आडवे झाले, तर घोड्यांना पाणी कोण दाखवणार? लीद कोण काढणार? रात्री एखाद्याला पोटशूळ उठला तर त्याला फिरवणार कोण? मालक लोक रविवारी येऊन घोड्यावर बसतात, घोडा सांभाळतो सईसच. स्पर्धा होवो वा न होवो, उद्याच्या उद्या तीन गोष्टी करून घ्या: तापात भरपगारी रजा मिळणार हे लेखी सांगा, निम्म्यांची झोपायची सोय दुसरीकडे करा, आणि सगळ्यांना फ्लूची लस टोचून घ्या. लशीचा असर यायला साधारण दोन आठवडे लागतात.

दवाखान्याचाही विचार व्हायला हवा. जंपिंगमध्ये पोरं पडतात. गळ्याजवळचं हाड मोडणं, मनगट जाणं, कधी डोक्याला मार, यात अघटित काही नाही, म्हणून तर मैदानाशेजारी रुग्णवाहिका उभी लागते. ती रुग्णवाहिका तुम्ही कुठून मागवणार आणि पडलेल्या पोराला कुठे नेणार? त्याच भरलेल्या सिव्हिलमध्ये. 2020 च्या वसंतात ब्रिटनमध्ये कितीतरी स्वारांनी याच कारणाने आपणहून घोड्यावर बसणं सोडलं होतं. घोडा धोक्याचा म्हणून नाही, खाट अडवायला नको म्हणून.

कर्नलसाहेबांची तिसरी गोष्ट राहिली: करोनातही शर्यती चालू होत्या. हो, होत्या. पण कशा, ते सांगायला ते विसरले. जपानने 2020 च्या फेब्रुवारीअखेरीपासून प्रेक्षक बंद केले आणि रिकाम्या स्टँडसमोर घोडे पळवले, एकही आठवडा न चुकवता. ब्रिटनने 18 मार्चपासून सगळं थांबवलं आणि 1 जूनला न्यूकॅसलच्या मैदानावर पुन्हा सुरुवात केली ती अशी: प्रेक्षक नाहीत, सुरुवातीला घोड्यांचे मालकसुद्धा नाहीत, जॉकींच्या तोंडाला मास्क, एका शर्यतीत बारापेक्षा जास्त घोडे नाहीत. राजघराणं हजेरी लावतं तो जूनमधला रॉयल ॲस्कॉटचा शर्यत-महोत्सव राणीविना झाला. गादीवर आल्यापासून एलिझाबेथ तिथे गेल्या नाहीत असं पहिल्यांदाच घडलं. ग्रँड नॅशनल ही तिथली प्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत रद्द झाली, तर 4 एप्रिलला संगणकावर तयार केलेली खोटी शर्यत टीव्हीवर दाखवली. लोकांनी तिच्यावर खऱ्या पैजा लावल्या आणि नफ्याचे 26 लाख पौंड तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या निधीला गेले. अमेरिकेतली केंटकी डर्बी मे महिन्यातून सप्टेंबरमध्ये ढकलली, तीही प्रेक्षकांविना. ‘चालू होत्या’ या दोन शब्दांत एवढं सगळं आहे.

आणि शर्यतींना चालू राहण्याचं एक खरं कारणही होतं, जे तुमच्या क्लबला तितकंसं लागू नाही. शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांचा असताना पळतो. डर्बी ही तीन वर्षांच्या घोड्याची नसली तर ती डर्बीच नव्हे, म्हणजे त्याचं वर्ष हुकलं की हुकलं. तुमच्या जंपिंगच्या घोड्याचं तसं नाही. बारा-चौदा वर्षांचा घोडाही छान उड्या मारतो. सहा आठवड्यांनी त्याचं काहीही बिघडणार नाही.

मात्र स्पर्धा ढकलली म्हणून घोडा ठाणावर बांधून ठेवायचा, ही चूक करू नका. स्पर्धेच्या तयारीत असलेला घोडा भरपूर चंदी खात असतो. काम अचानक बंद झालं आणि चंदी तीच राहिली, तर पुन्हा काम सुरू केल्यावर त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, घाम फुटतो, पाऊल टाकवत नाही, लघवी कॉफीसारखी काळपट होते. जुन्या काळी रविवारच्या सुट्टीनंतर घोड्यांना हे व्हायचं म्हणून इंग्रज त्याला सोमवार सकाळचा रोग म्हणत. उपाय साधा आहे: काम जेवढं कमी, तेवढी ओट आणि हरभरा कमी, वाळलेलं गवत पोटभर, रोज सकाळी लंजवर, म्हणजे लांब दोरीवर गोल, फिरवणं किंवा हातात धरून चालवणं. उड्या आठवड्यातून एकदा, कमी उंचीच्या. एका घोड्याला एक माणूस आणि तोही उघड्यावर. यात साथीला कसलाच वाव नाही, तेव्हा साथीचं नाव सांगून कुणी पागेला कुलूप घालायला निघालं, तर तिथेही तुम्ही विरोधात मत द्या.

सगळं बंद ठेवण्याची किंमतही असते आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या माणसांना मोजावी लागते. 2020 च्या टाळेबंदीत माथेरानला पर्यटक बंद झाले, तिथल्या घोडेवाल्यांची कमाई एका दिवसात शून्यावर आली. मोटारीला बंदी असलेल्या त्या गावात घोड्यावर पोट असलेली कितीतरी घरं आहेत, आणि घोडा रोज खातोच, गिऱ्हाईक असो वा नसो. चाऱ्यासाठी मदत मागायची पाळी आली. सारंगखेड्याचा घोडेबाजारही असाच: तापीकाठी दत्तजयंतीला तिथे जो विकायला येतो, त्याचा वर्षाचा हिशेब त्या दिवसांत होतो. त्याला ‘पुढच्या वर्षी ये’ म्हणणं फार सोपं असतं. तुमची स्पर्धा हौसेची आहे, तिथे एवढं कुणाचं अडत नाही. तरी मांडववाला आहे, स्टॉल लावणाऱ्या बायका आहेत, नालबंद आहे. त्यांना दिलेला विसार परत मागू नका, नव्या तारखेला तोच धरा. प्रवेशशुल्काचंही तसंच, ज्याला परत हवं त्याला मुकाट्याने परत. प्रायोजकाला कळवताना ‘रद्द’ हा शब्द वापरू नका, तारीख द्या; त्याला बॅनर कधी लागणार एवढंच हवं असतं.

दर वेळी साथ म्हटलं की स्पर्धा ढकला, असंही माझं म्हणणं नाही. आजार कुठल्या वाटेने येतो ते आधी बघायचं. डेंग्यू असता तर मी म्हटलं असतं, स्पर्धा खुशाल घ्या, पण त्याआधी पागेतले हौद, बादल्या आणि अडथळ्यांच्या सजावटीला ठेवलेले ते जुने टायर रिकामे करून घासून कोरडे करा. तो डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो, गर्दी असो नसो. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा बोट पाण्याकडे दाखवलं गेलं. तशा वेळी मी टँकर आणि सरबताचा स्टॉल बघितला असता. फ्लू श्वासातून येतो, म्हणून या वेळी गर्दी. 2009 चा स्वाइन फ्लू पुण्याने पाहिलाय. ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू तिथे झाला आणि मग शाळा, थिएटर, मॉल भराभर बंद करावे लागले. भराभर बंद करण्यापेक्षा तीन आठवडे आधी ढकललेलं बरं, निदान चारा आणि ट्रक तरी वाया जात नाहीत.

आता घरचं.

मुलीला समजवायला जाऊ नका, चौदा वर्षांच्या मुलीला कुणी समजावलेलं आवडत नाही. तिच्याकडून काम करून घ्या. नवी तारीख धरून तिच्या घोड्याचं सहा आठवड्यांचं वेळापत्रक तिनेच लिहायचं: कुठल्या दिवशी किती काम, किती चंदी, उड्या कधी, विश्रांती कधी. कोचने ते तपासायचं. स्पर्धेपेक्षा हे जास्त अवघड आहे आणि ते तिला ठाऊक असेल. चिडली तर चिडू द्या, महिनाभर काही अबोला टिकत नाही, चार दिवसांत भूक लागते.

तिला फवाद मिर्झाचं नाव माहीत असणारच. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याने सेनॉर मेडिकॉट या घोड्यावर रौप्यपदक घेतलं. टोकियो ऑलिंपिकला 2020 मध्ये जायचं, तर ऑलिंपिकच एक वर्ष पुढे गेलं. 2021 मध्ये तो त्याच मेडिकॉटवर टोकियोत उतरला, अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तेविसावा आला. वीस वर्षांत ऑलिंपिकला गेलेला तो पहिला भारतीय स्वार. त्या एका वर्षात त्याला घोडा तयारीत ठेवावा लागला होता, तुमच्या लेकीला सहा आठवडे ठेवायचाय. आणि दहावीत घोडा बंद, हे कुणी ठरवलं? आठवड्यातून दोन सकाळी घोड्यावर बसून दहावी झालेली पुष्कळ मुलं मला माहीत आहेत. हे मात्र तुम्ही न विचारता दिलेलं मत आहे, सोडून द्या.

सासऱ्यांना फ्लूची लस याच आठवड्यात द्या, त्यांच्या डॉक्टरांना विचारून. साथ उतरेपर्यंत मुलीने पागेतून आल्यावर हात धुऊन, कपडे बदलून मगच त्यांच्या खोलीत जायचं, आणि सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जायचंच नाही. त्यांना ताप आला किंवा दम नेहमीपेक्षा वाढला, तर दोन दिवस वाट बघत बसू नका. फ्लूचं औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर त्याचा जास्त उपयोग होतो. शाळा आणि बाजार यांतूनही फ्लू घरात येऊ शकतो, त्यामुळे स्पर्धा ढकलली म्हणजे ते सुरक्षित झाले असं समजू नका. आणि उद्या त्यांना खरंच काही झालं, तरी त्याचा ठपका तुमच्या एका मतावर येत नाही. पाच जणांच्या समितीत पाचवं मत जितकं जड, तितकीच आधीची चार.

बैठकीला मोकळ्या हाताने जाऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या दोन तारखा मैदान, पंच आणि रुग्णवाहिका यांच्याशी बोलून ठेवा. ‘पुढे ढकलू’ म्हटल्यावर ‘कधी?’ हाच पहिला प्रश्न येतो आणि तिथेच बरेच ठराव पडतात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना फोन बुधवारीच करा. त्यांना ‘परवानगी आहे का?’ असं विचारू नका, ते ‘बंदी नाही’ म्हणतील आणि फोन ठेवतील. विचारा, ‘तुमची नात या स्पर्धेत असती तर तुम्ही प्रेक्षक म्हणून आला असता का?’